तिसऱ्या वर्षी तो माणूस कुठे असतो?

दुपारी तीनच्या सुमारास ते गायब व्हायचे. दहा मिनिटं, कधी पंधरा. गोदामाच्या सुपरवायझरने बरेच दिवस कानाडोळा केला, आणि मग एके दिवशी माझ्यासमोर येऊन बसला. म्हणाला, “साहेब, मेजरना बोलायची माझी हिंमत होत नाही. पण रोज नेमक्या गाड्या लागायच्या वेळेला ते जातात कुठे?” मेजर हे आम्ही ठेवलेलं नाव. सैन्यातून ते हवालदार म्हणून बाहेर पडले होते. सुरुंगाच्या स्फोटात डावा पाय गुडघ्याखाली गेलेला. मी तेव्हा मनुष्यबळ विभागात होतो, त्यामुळे असल्या तक्रारी फिरून फिरून माझ्याच टेबलावर यायच्या.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता मी गोदामात गेलो. शेवटच्या रॅकच्या आड, पालथ्या घातलेल्या क्रेटवर ते बसले होते. पँटचा पाय वर दुमडलेला, कृत्रिम पाय बुटासकट भिंतीला टेकवलेला. स्टंपवर, म्हणजे पायाच्या उरलेल्या खुंटावर, आधीच एक मोजा होता, त्यावर ते दुसरा चढवत होते. मला बघून त्यांनी घाईघाईने पँट खाली ओढली, त्यात धक्का लागून तो पाय फरशीवर आडवा झाला. केवढा आवाज झाला! आम्ही दोघंही ओशाळलो. चोरी त्यांची नव्हती, माझीही नव्हती, तरी दोघांचे चेहरे पकडल्यासारखे झाले.

मग त्यांनी समजावून सांगितलं. सॉकेट म्हणजे कृत्रिम पायाची स्टंपवर बसणारी खोबण. सकाळी ती घट्ट बसते. दिवसभर वजन पडून पडून स्टंप आटत जातो, दुपारपर्यंत सॉकेट ढिलं होतं, स्टंप आत खाली सरकतो आणि हाड कडेला आपटायला लागतं. म्हणून एकावर एक मोजे. सकाळी एक, दुपारी दोन, दिवस वाईट असला तर तीन. वेळेवर चढवला नाही तर संध्याकाळपर्यंत कातडी सोलवटते, आणि एकदा जखम झाली की ती भरेपर्यंत पाय घालता येत नाही. “दहा मिनिटं वाचवायला गेलो तर दहा दिवस जातात साहेब,” ते म्हणाले.

ते रुजू झाले त्या दिवशी आम्ही त्यांचा सत्कार केला होता. पुष्पगुच्छ, टाळ्या, फोटो. भाषण मीच ठोकलं होतं. त्या भाषणात देश होता, त्याग होता, जिद्द होती. मोजा बदलायला या माणसाने बसायचं कुठे, हा प्रश्न मात्र आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आला नव्हता. अडीच वर्षांनी त्यांनी नोकरी सोडली.

तेव्हापासून माझं एक मत बनलेलं आहे. लढताना हात-पाय गमावलेल्या सैनिकांच्या पुनर्वसनाचं मोजमाप आपण चुकीच्या दिवशी करतो. नेमणूकपत्र हातात पडलं की नोंद होते, अहवालात आकडा चढतो, संस्थांना देणग्या मिळतात, कंपन्यांना बक्षिसं. त्या दिवसापर्यंत सगळ्यांचं लक्ष त्या माणसाकडे असतं. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते आणि ती कोणी बघत नाही. मोजायचंच असेल तर तिसरं वर्ष मोजा. तो तिथे आहे का? असेल तर त्याच खुर्चीवर आहे की वर गेलाय? आणि नसेल तर का नाही?

काम मिळवून देण्याची धडपड तशी जुनी आहे. अमेरिकेतलं यादवी युद्ध 1865 मध्ये संपलं, तेव्हा हजारो सैनिक हात-पाय तोडलेल्या अवस्थेत घरी परतले. विल्यम ओलंड बोर्न नावाच्या संपादकाने त्याच वर्षी एक स्पर्धा जाहीर केली. उजवा हात गमावलेल्या सैनिकांनी डाव्या हाताने सुंदर अक्षर काढून पाठवायचं, उत्तम नमुन्यांना रोख बक्षीस. त्या काळी कचेरीत नोकरी म्हणजे हाताने लिहिणं. अक्षर चांगलं तर कारकुनी मिळण्याची आशा. शेकडो कागद आले, ते आजही अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयात जपून ठेवलेले आहेत. मला ही स्पर्धा मनापासून आवडते, कारण त्या गृहस्थाने दया वाटण्याऐवजी कामाचा नमुना मागितला. आणि थोडी खटकतेही. सगळी मेहनत सैनिकाने करायची, बदलायचं त्यानेच. कचेरीने फक्त परीक्षकाच्या जागी बसायचं. गेल्या दीडशे वर्षांत या व्यवस्थेत फार फरक पडला आहे असं मला वाटत नाही.

पहिल्या महायुद्धात तर ही गोष्ट थेट कारखानदारीच्या पातळीवर गेली. एकट्या ब्रिटनच्या बाजूने सुमारे 41,000 सैनिकांनी किमान एक अवयव गमावला. लंडनजवळ रोहॅम्प्टनला 1915 मध्ये त्यांच्यासाठी खास रुग्णालय उघडलं. जर्मनीत बर्लिनच्या शार्लोटेनबुर्ग भागात 1916 मध्ये कृत्रिम अवयव तपासण्याचं केंद्र निघालं. त्यातले गेऑर्ग श्लेसिंगर हे मुळात यंत्र-अवजारांचे अभियंते. त्यांच्यासारख्यांनी ‘कामाचा हात’ घडवण्यावर भर दिला. त्याला बोटं नव्हती; टोकाला खाच, त्या खाचेत हातोडी बसवा, कानस बसवा, पकड बसवा. घरी किंवा चारचौघांत जाताना लावायला हुबेहूब हातासारखा दिसणारा पण निरुपयोगी हात वेगळा. त्याला तिकडे ‘रविवारचा हात’ म्हणत. कल्पना करा, आठवड्यातले सहा दिवस एक माणूस अवजाराचा दांडा आणि सातव्या दिवशी माणसाची प्रतिकृती.

हसू येतं, पण मागचा विचार आजही तसाच शाबूत आहे. माणूस दुरुस्त करून आणा, काम जसं आहे तसं राहील. 1990 च्या दशकात सूक्ष्म-संगणकावर चालणारा कृत्रिम गुडघा बाजारात आला. आता तर स्नायूंच्या विद्युत-संकेतांवर बोटं उघडमीट करणारे हात आहेत. वर्तमानपत्रांत त्यांची छायाचित्रं झळकतात आणि वाचणाऱ्याला वाटतं, चला, प्रश्न सुटला. सुटलेला नसतो. हाताच्या कृत्रिम अवयवांबद्दलचे अभ्यास पाहिले तर प्रौढांपैकी साधारण चारातला एक जण तो वापरणंच सोडून देतो. जड होतो, गरम होतो, स्पर्श कळत नाही, एका हाताने काम लवकर उरकतं. कंपनीने मात्र महागडा हात बघून गृहीत धरलेलं असतं की आता याला काही अडचण नाही.

पायाचं गणित आणखी वेगळं. गुडघ्याखालून पाय गेला तर चालायला जास्तीची ताकद लागते, पण निभावतं. मांडीतून गेला तर तेवढंच अंतर त्याच वेगाने कापायला साधारण दीडपट किंवा त्याहून जास्त शक्ती खर्च होते. दोन्ही पाय गेले असतील तर विचारूच नका. म्हणजे वाहनतळापासून टेबलापर्यंत आपण गप्पा मारत येतो, तोवर त्या माणसाने आपल्या दीडपट काम केलेलं असतं, आणि हजेरी दोघांची एकच लागते. घामाने लायनर, म्हणजे स्टंपवर चढवायचं मऊ अस्तर, निसटतं. स्फोटातल्या जखमांची आणखी एक खोड असते: स्टंपच्या मांसात नको तिथे हाड वाढतं. इराक आणि अफगाणिस्तानातून आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या एका अभ्यासात निम्म्याहून अधिक स्टंपमध्ये असं हाड सापडलं. कालपर्यंत नीट बसणारं सॉकेट मग एकाएकी टोचायला लागतं. नवं माप, नवं सॉकेट, कधी परत शस्त्रक्रिया.

आणि जो अवयव नाही, तो दुखतो. सायलस वेअर मिचेल या अमेरिकी डॉक्टरने यादवी युद्धातले सैनिक तपासून 1871 मध्ये या प्रकाराला ‘भुताचा अवयव’ अशा अर्थाचं नाव दिलं, आता डॉक्टर आणि रुग्ण दोघंही सरळ फँटम पेन म्हणतात. बैठक चालू आहे, कोणीतरी तक्ता दाखवतंय, आणि समोरच्या माणसाच्या नसलेल्या पायाच्या बोटांत पेटके येताहेत. तो खुर्चीत चुळबुळतो. साहेबांना वाटतं, याचं लक्ष नाही. आता हे कोणत्या तोंडाने सांगायचं, की माझा अंगठा वळतोय आणि तो अंगठा दहा वर्षांपूर्वी कुठल्याशा डोंगरावर राहिला?

यातलं काहीही आजारपण नव्हे, हा माझा मुद्दा आहे. पण आपल्या रजेच्या खात्यात आजारपण आणि चैन हे दोनच रकाने आहेत. सॉकेट बदलायला चार-पाच फेऱ्या लागतात: माप, साचा, चाचणी, दुरुस्ती, परत चाचणी. दर काही वर्षांनी हे सगळं पहिल्यापासून. प्रत्येक फेरी म्हणजे अर्धा किंवा पूर्ण दिवस. मेजर या फेऱ्या आजारपणाच्या रजेत बसवायचे, त्यामुळे खरंच ताप आला की बिनपगारी. वर्षअखेरीच्या मूल्यमापनात त्यांच्या नावापुढे ‘उपस्थिती समाधानकारक नाही’ असा शेरा पडला होता. तो शेरा संगणकाने टाकला, असं म्हणून मी हात झटकू शकतो. पण खाली सही माझी होती. यंत्राला तेलपाणी करायला आम्ही दर महिन्याला गोदामातली माल वाहणारी सरकती पट्टी चार तास बंद ठेवायचो, आणि ते चार तास कामाचेच धरायचो. पट्टीची देखभाल कामात मोजली जाते, आणि पायाची माणसाच्या खासगी खात्यात.

दुसरी गोष्ट कामाच्या निवडीची. माजी सैनिक म्हटला की समोरच्याच्या डोक्यात पहिला शब्द येतो सुरक्षारक्षक. पाय नसलेल्या माणसालासुद्धा! बारा-बारा तास फाटकावर उभं राहायचं काम हे कृत्रिम पायाच्या माणसासाठी बहुधा सर्वांत वाईट काम असेल, आणि नेमकं तेच त्याला सन्मानाने देऊ केलं जातं. कारण आपण त्याच्या अर्जातला एकच शब्द वाचतो. हा माणूस दारूगोळ्याच्या कोठाराचा हिशेब ठेवत होता, एक काडतूस कमी आलं तर चौकशी बसेल अशा शिस्तीत. तीस माणसांचा शिधा-सामान दुर्गम जागी पोहोचवत होता. नवशिक्यांना यंत्रं शिकवत होता. यांतल्या प्रत्येक कामाला बाहेरच्या जगात वेगळं नाव आहे आणि त्या नावाला चांगला पगारही आहे. फक्त भाषांतर करून देणारं कोणी नसतं. सैन्य त्याला प्रमाणपत्र देतं सैन्याच्या भाषेत, कंपनी जाहिरात देते कंपनीच्या भाषेत, मध्ये हा उभा. एका पायावर, असं लिहिण्याचा मोह होतोय, पण असले विनोद त्यांनी स्वतः केलेले बरे. आणि ते करतात, आपल्यापेक्षा कितीतरी सरस.

कामं कोणती देऊ केली जातात यावरून समाज त्या माणसाकडे कसा बघतो ते कळतं. ब्रिटनने 1944 मध्ये कायदा केला: वीस किंवा अधिक माणसं कामावर असणाऱ्या मालकांनी तीन टक्के जागा अपंगांना द्याव्यात. कायद्याला हात घालायला लावलं ते मुख्यतः युद्धाने. याच कायद्याखाली पुढे दोन व्यवसाय खास अपंगांसाठी राखून ठेवले गेले. कोणते, तर विजेच्या लिफ्टचा चालक आणि वाहनतळावरचा सेवक. ज्यांनी रणगाडे, विमानं, तोफा हाताळल्या त्यांच्यासाठी सरकारने विचार करकरून शोधलेली ही दोन शिखरं! टक्केवारीचं काय झालं? मालकांना सूट मिळत गेली, खटले बोटांवर मोजण्याइतके झाले, आणि शेवटी 1995 च्या नव्या कायद्याने टक्केवारीची ती पद्धतच मोडीत काढली. जर्मनीने 1920 मध्येच सक्तीचा कायदा केला होता, आणि तिथे आजही वीस किंवा अधिक नोकर असणाऱ्यांना पाच टक्के जागा द्याव्या लागतात. न दिल्यास जागेमागे पैसे भरावे लागतात. बरेच मालक पैसे भरून मोकळे होतात, हेही खरं. तरी मला जर्मन पद्धत बरी वाटते. निदान टाळाटाळीला किंमत लावली आहे, आणि तो पैसा परत अपंगांच्या कामावरच खर्च होतो. पण दोन्हीकडे मोजलं जातं ते डोकं. खुर्चीवर डोकं आहे ना, मग झालं.

आता वीरांच्या गोष्टींबद्दल बोलायला हवं, आणि इथे मी थोडा अप्रिय होणार आहे. ब्रिटिश वैमानिक डग्लस बेडर यांचे दोन्ही पाय 1931 च्या विमान अपघातात गेले. महायुद्ध सुरू झाल्यावर ते पुन्हा लढाऊ विमान उडवू लागले. इयान कार्डोझो यांनी 1971 च्या युद्धात सुरुंगाने चिंधड्या झालेला आपला पाय खुखरीने स्वतः तोडला, आणि पुढे कृत्रिम पायावर बटालियनचं आणि मग ब्रिगेडचं नेतृत्व केलं. व्हिएतनाममध्ये दोन पाय आणि एक हात गमावलेले मॅक्स क्लेलंड 1977 मध्ये अमेरिकेच्या माजी सैनिक प्रशासनाचे प्रमुख झाले. टॅमी डकवर्थ यांचं हेलिकॉप्टर 2004 मध्ये इराकमध्ये पाडलं गेलं, दोन्ही पाय गेले, आज त्या सिनेटर आहेत. या माणसांसमोर नतमस्तकच व्हावं. पण या गोष्टी ज्या पद्धतीने सांगितल्या जातात, त्यातून एक सुप्त निष्कर्ष निघतो: इच्छा असली की सगळं होतं. आणि मग जो रोज दुपारी तीन वाजता क्रेटवर बसून मोजा बदलतो, तो स्वतःलाच कमी पडलेला समजू लागतो. त्याच्या मालकालाही आयती सबब मिळते. अमुक माणूस दोन पाय नसताना विमान उडवतो, आणि याला गोदाम झेपत नाही?

मेजरनी मोज्याची गोष्ट आमच्यापासून लपवली ती याच कारणाने. सत्काराच्या दिवशी मी त्यांना ‘अपंगत्वावर मात केलेला योद्धा’ म्हणालो होतो. मात केलेल्या माणसाने दहा मिनिटांची सवलत कशी मागायची? माझ्या भाषणाने त्यांचं तोंड बंद केलं. दयेने माणूस लहान होतो हे आपल्याला कळतं. अतिकौतुकानेही त्याला हक्काचं काही मागता येईनासं होतं, हे तितकं लवकर कळत नाही.

याच गोष्टींत एक बारकाईने बघण्यासारखी बाजू आहे, ती कोणी सांगत नाही. अमेरिकी सैन्यात 1980 च्या दशकात अवयव गमावलेल्यांपैकी शंभरात दोन-तीन जणच सेवेत राहत. इराक-अफगाणिस्तानच्या काळात हे प्रमाण सोळाच्या वर गेलं. पाय सुधारले, शस्त्रक्रिया सुधारल्या, व्यायामाची केंद्रं निघाली, हे झालंच. शिवाय सैन्याला एक गोष्ट जमते जी कचेऱ्यांना जमत नाही: माणसाचा हुद्दा आणि मान तसाच ठेवून त्याचं काम बदलणं. आघाडीवरचा माणूस प्रशिक्षक होतो, तरी हुद्द्याला धक्का लागत नाही. कंपनीत काम बदललं की पगार बदलतो, खुर्ची बदलते, बोलण्याचा सूर बदलतो. कंपन्यांनी सैन्याकडून शिस्त, नेतृत्व वगैरे शिकण्याबद्दल व्याख्यानं होत असतात. त्याऐवजी हे शिकलं तर बरं.

पण सैन्याला फार शाबासकी द्यायचंही कारण नाही. भारतातला 2016 चा दिव्यांग हक्क कायदा सांगतो की सरकारी सेवेत असताना अपंगत्व आलं तर माणसाला काढता येणार नाही, हुद्दा घटवता येणार नाही, त्याच पगारावर दुसरी जागा द्यावी लागेल. आणि तोच कायदा सरकारला एखाद्या आस्थापनेला यातून सूट देण्याची मुभाही देतो. 2021 मध्ये केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या लढाऊ पदांना अशी सूट दिली गेली. ब्रिटनच्या 2010 च्या समानता कायद्यातल्या अपंगत्वाविषयीच्या नोकरीच्या तरतुदी सशस्त्र दलांतल्या सेवेला लागू नाहीत. अमेरिकेचा 1990 चा अपंगांच्या हक्कांचा कायदाही गणवेशातल्या सैनिकाला लागू होत नाही. म्हणजे सेवेत असताना हात-पाय जाण्याची शक्यता ज्यांच्या बाबतीत सर्वांत जास्त, नेमके तेच सेवेतल्या अपंगत्वाच्या संरक्षणाबाहेर. यामागचा युक्तिवाद मला कळतो. लढायला धडधाकट माणूसच लागतो, यात वाद नाही. पण लढाऊ पदावर ठेवू नका आणि घरी पाठवा या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यासाठी मागितलेली सूट दुसऱ्यासाठी वापरता येते, तक्रार तिथे आहे. सरकार स्वतः आपल्या जखमी माणसाला ठेवून घ्यायला का-कू करत असेल, तर गोदामाच्या मालकाला कोणत्या तोंडाने सांगायचं?

पेन्शनचाही एक सापळा आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटनने शरीराच्या भागांचं चक्क दरपत्रक केलं होतं. उजव्या हाताचा भाव डाव्यापेक्षा जास्त. वाचताना अंगावर काटा येतो. पण त्या दरपत्रकात एक शहाणपण होतं. रक्कम अवयवाच्या हानीवर ठरलेली, कमाईवर नव्हे. माणूस पुढे कामाला लागला, चांगला कमवू लागला, तरी एक पैही कापायची नाही. हाताची भरपाई ती हाताची भरपाई. आज अनेक देशांत जखमी माणसाला मिळणाऱ्या वेगवेगळ्या भत्त्यांत कामाला लागल्यावर काही ना काही कात्री लागते, किंवा लागेल अशी भीती असते, आणि नोकरी सुटली तर भत्ता परत मिळवायला पुन्हा सगळी मंडळं, तपासण्या, कागद. अशा वेळी घरी बसणं हा हिशेबी निर्णय ठरतो. लोक त्याला आळस म्हणतात. मी त्याला गणित म्हणेन.

सहकाऱ्यांबद्दल थोडंच सांगतो, कारण लोक मनाने वाईट नसतात. एक गट हातातली फाईलसुद्धा उचलू देत नाही. दुसरा गट मनातल्या मनात घाबरतो: लढाईतून आलाय, कधी भडकेल सांगता येत नाही. चित्रपटांनी ही भीती पुरवली आहे. दोघांचा परिणाम एकच होतो. फिरतीचं काम आलं, प्रशिक्षणाला पाठवायचं झालं, मोठा ग्राहक सांभाळायचा झाला, की कोणीतरी काळजीच्या सुरात म्हणतं, “त्यांना कशाला त्रास?” बढत्या अशा काळजीपोटीच हुकतात. त्यांना विचारून तर बघा. त्रास घ्यायचा की नाही हे त्या माणसाने ठरवायचं असतं.

खर्चाचं कारण पुढे केलं जातं, तेव्हा मला विशेष राग येतो. अमेरिकेत जॉब अकोमोडेशन नेटवर्क ही संस्था वर्षानुवर्षं मालकांना याच बाबतीत सल्ला देते आणि त्यांच्याकडून माहितीही गोळा करते. त्यांच्या पाहण्यांत वारंवार दिसलंय की अपंग कर्मचाऱ्यांसाठी कराव्या लागलेल्या सुमारे निम्म्या सोयींना काहीच खर्च येत नाही. वेळ पुढेमागे करणं, जागा जवळची देणं, उभ्याने करायचं काम बसून करू देणं. मेजरना काय लागलं असतं? दार लावता येईल अशी एक खोली, त्यात टेकायला पाठ असलेली खुर्ची, दुपारी पंधरा मिनिटं, आणि सॉकेटच्या फेऱ्यांचे दिवस कामाचे धरणारा एक नियम. ती खोली आमच्याकडे होतीसुद्धा. त्यात जुने बॅनर ठेवले होते.

मला सरकारकडून आणखी एक योजना नको आहे. एक रकाना हवा आहे. माजी सैनिकांना कामाला लावल्याबद्दल ज्यांना करसवलत, कंत्राटात प्राधान्य किंवा नुसती शाबासकी मिळते, त्या प्रत्येकाने तीन वर्षांनंतर भरायचा रकाना: तो माणूस आहे का, कुठे आहे, पगार किती वाढला, गेला असेल तर जाण्याचं कारण त्याच्या शब्दांत काय. सवलतीचा मोठा हिस्सा पहिल्या दिवशी न देता त्या वर्षी द्या. बघा मग, बॅनरची खोली कशी एका दुपारीत रिकामी होते. कृत्रिम अवयवाच्या देखभालीचा वेळ भरपगारी असावा, तो आजारपणाच्या रजेतून वळता होऊ नये, एवढं एक कलम कायद्यात आलं तरी माझ्या माहितीतली निम्मी माणसं टिकली असती. अमेरिकेच्या 1994 च्या एका कायद्याने जखमी होऊन परतणाऱ्याला बरं व्हायला दोन वर्षांपर्यंत मुदत देऊन जुन्या मालकाकडे परतण्याचा हक्क दिला आहे, आणि त्याला कामात बसवण्यासाठी मालकाने प्रयत्न करणं बंधनकारक केलं आहे. सैन्यात येण्याआधी ज्याला नोकरी होती त्याच्यासाठी हे उत्तम. विशीच्या आत भरती झालेल्याला जुना मालक असतोच कुठे?

मेजरनी राजीनामा दिला तेव्हा मी त्यांच्याकडून तो नेहमीचा फॉर्म भरून घेतला. नोकरी सोडण्याचं कारण: चांगली संधी, स्थलांतर, शिक्षण, विवाह, वैयक्तिक. त्यांनी पेन हातात घेऊन यादी दोनदा वाचली आणि ‘वैयक्तिक’वर खूण केली. मी काही बोललो नाही.

वर्षभराने त्यांचा फोन आला. दुसरीकडे साठा तपासनिसाची जागा निघाली होती आणि त्यांना माझं शिफारसपत्र हवं होतं. मी मनापासून लिहायला तयार झालो, काय काय लिहीन तेही फोनवरच सांगायला लागलो. त्यांनी मध्येच थांबवलं. “साहेब, पायाचं काही लिहू नका. शौर्याचंही नको. माझ्या वेळी मोजणीत फरक किती यायचा, तेवढं लिहा.”

तो आकडा माझ्याकडे नव्हता. विभागात कोणाकडेच नव्हता. शेवटी गोदामातून जुनी रजिस्टरं मागवून मी आणि सुपरवायझर दोन संध्याकाळी बेरजा करत बसलो. सत्काराचा फोटो मात्र पहिल्याच कपाटात मिळाला, फ्रेमसकट.